ढब्बीचा काटा

१

काटेवाले काका हे नाव त्यांना कारखान्यात पडलं आणि निवृत्तीनंतर घरीही चिकटून राहिलं. चौतीस वर्षं त्यांनी बॉयलरखोलीतली दाबमापकं सांभाळली होती. कुठलंही गेज वाचायच्या आधी काचेवर नखाने टकटक करायची, काटा अडकला असेल तर सुटतो, ही त्यांची सवय. ती हाडीमासी इतकी मुरली होती की भिंतीवरच्या घड्याळालाही ते टकटक करत. एकदा डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्रालाही केली, तेव्हा काकू दवाखान्यात खाली मान घालून हसल्या होत्या आणि मग पाच मिनिटं खोकत बसल्या होत्या.

काकूंचं सगळं दुखणं छातीचं. चार वर्षांपासून दम पुरत नव्हता. तीन शब्द बोलायचे, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढचे तीन शब्द. बोलायची हौस तर अशी की दुसऱ्या कुणाला एवढा दम लागला असता तर तो मुका झाला असता. काकू मात्र तीन-तीन शब्दांच्या हप्त्यांनी अख्ख्या गल्लीची खबर काकांना सांगत, आणि काका न कंटाळता ऐकत. दुपारी त्या कुशीवर झोपल्या की छातीतली बारीक शिट्टी सुरू व्हायची. ती शिट्टी चालू असली की काकांना पेपर वाचता यायचा.

एकुलती एक लेक घाटमाथ्यावर हवामान केंद्रात नोकरीला होती. रोज सकाळी हवेचा दाब, तापमान, वारा यांच्या नोंदी घ्यायच्या, हे तिचं काम. बापाचाच वारसा म्हणायचा. तिला नववा महिना लागला होता. डॉक्टरांनी काकूंना बजावलं होतं की वरची हवा विरळ, तुम्ही जाऊ नका. काकू म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण लेकीचं. मी काय फोनवर करू?" हे पुरं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं, पण त्यांनी ते पुरं केलं.

बसने नेणं शक्यच नव्हतं. उरली ढब्बी. ढब्बी म्हणजे काकांची सव्वीस वर्षांची डिझेल गाडी. चौकोनी, जाड पत्र्याची, चारही चाकांनी ओढणारी, एका मोजणी खात्याच्या लिलावात घेतलेली. नाव काकूंनी ठेवलेलं. गाडी धडधाकट होती, पण तिचा टर्बो म्हातारा झालेला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, म्हणून चढावर जोर येतो. तो अर्ध्या घाटात थकला तर गाडी थांबणार, आणि शेजारी काकू विरळ हवेत बसलेल्या. म्हणून त्यांनी ठरवलं की आधी बूस्ट गेज बसवायचं. टर्बो किती हवा भरतोय ते डोळ्यासमोर दिसलं पाहिजे. ते मापात असेल तरच निघायचं.

२

घरामागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. गेज छोटंसं, काळ्या तबकडीचं, शून्यापासून दीडपर्यंत आकडे. काकांनी ते डॅशबोर्डच्या कडेला, नजर सहज जाईल असं बसवलं. आतल्या दिव्याची वायर जोडली. बारीक नळी रबरी बुचातून इंजिनकडे ओवून घेतली. बाजारात मिळणाऱ्या सामानात नसतो तो एक पितळी कॉक, म्हणजे नळी बंद करायची चावी, त्यांनी नळीच्या मध्ये, गेजच्या खाली वीतभर अंतरावर, स्वतःच्या पदरचा घातला. बॉयलरखोलीत प्रत्येक गेजखाली कॉक असतोच. त्याशिवाय काकांना गेज उघडं वाटायचं.

इंजिनला नळी जोडण्याआधी गळती तपासायची, हाही तिथलाच शिरस्ता. नळीत फुंकर मारायची, काटा उठला की कॉक बंद करायचा, आणि दहा मिनिटं बघायचं. काटा खाली आला नाही तर सांधे घट्ट. पण काका डॅशबोर्डखाली आडवे झालेले, एका हातात सांधा धरलेला, दुसरा कॉकवर. फुंकायला तोंड पोचेना. त्यांनी काकूंना हाक मारली.

काकू चहाचा कप ठेवून आल्या. काका म्हणाले की डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामाला दिलेल्या नळीतले ते तीन रंगीत गोळे रोज उचलायचे असतात, तू उचलत नाहीस, निदान आज ढब्बीचा काटा तरी उचल. काकूंनी नळीचं टोक पदराने पुसलं, तोंडात धरलं आणि डोळे मिटून जीव तोडून फुंकर मारली.

"उठला, उठला!" काका ओरडले आणि त्यांनी कॉक फिरवला.

काकू बाहेरच्या खुर्चीवर टेकल्या. खोकला येईल म्हणून काका वाट बघत होते. तो आला नाही. उलट काकू जरा नवल वाटल्यासारख्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या की हलकं वाटतंय.

३

दहा मिनिटांनी काकांनी गेज बघितलं. काटा खाली आलेला नव्हता. जिथे होता तिथे थांबलेलाही नव्हता. शून्याच्या जरा वर उठत होता, उतरत होता, परत उठत होता.

त्यांनी टकटक केली. काटा आपला उठतोय, उतरतोय. इंजिन बंद, किल्ली खिशात, नळीचं दुसरं टोक हवेत लोंबतंय, मध्ये कॉक बंद.

काका घाबरले नाहीत, त्यांना राग आला. चौतीस वर्षांत एकाही काट्याने त्यांच्याशी असा वात्रटपणा केला नव्हता. आधी वाटलं, पत्रा तापलाय, नळीतली हवा फुगतेय. पण उन्हाने फुगलेली हवा फुगतच जाते, मिनिटात अठरा वेळा खाली-वर करत नाही. हो, अठरा. त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं. मग वाटलं, वाऱ्याने गाडी हलत असेल. त्यांनी शेडचं दार लावून घेतलं. शेवटी गेज खराब निघालं असं ठरवून ते बदलून आणायचं म्हणून पाना हातात घेतला, आणि का कोण जाणे, ठेवून दिला. उद्या बघू म्हणाले.

घरात काकू फोनवर लेकीशी बोलत होत्या. समोरच्या घरातल्या भाडेकरूंची गोष्ट चालली होती. काका हात धुवायला मोरीत गेले, साबण लावला, हात धुतले, पुसले, बाहेर आले, तरी तेच वाक्य चालू होतं. मध्ये कुठे थांबणं नाही. काका दारात उभे राहून ऐकत राहिले. किती वर्षांनी त्यांच्या बायकोने एक अख्खी गोष्ट एका दमात सांगितली होती. त्यांचे डोळे भरून आले.

४

पुढचे सहा दिवस घरात आनंदीआनंद. काकू गच्चीवर एकट्या जाऊन कपडे वाळत घालून आल्या. डॉक्टरांनी छाती तपासली, पुन्हा तपासली, नळ्या कानातून काढून झटकल्या, पुन्हा लावल्या, आणि शेवटी म्हणाले की घरघर अजिबात नाही. आणखी काहीतरी म्हणणार होते, पण काकू तोवर चपला घालून बाहेर. डॉक्टर मात्र नळ्या हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले होते, ते काकांनी पाहिलं.

सातव्या दिवशी दूध करपलं. काका बाहेरच्या खोलीत होते, त्यांना वास आला. धावत आत गेले तर काकू शेगडीसमोरच उभ्या, पाठमोऱ्या, भांडी लावत. पातेलं काळं पडलेलं. काका गॅस बंद करत म्हणाले, अगं वास नाही आला का तुला. काकूंनी पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, नाही बाई, सर्दी असेल.

मग काका बघायला लागले. बघू नये असं वाटत होतं, पण मोजमापाच्या माणसाला ते जमतं थोडंच. चहा घेताना काकूंनी नेहमीसारखा ओठांचा चंबू करून बशीत फुंकर घातली. चहाचा पृष्ठभाग हललाही नाही. काकूंना ते कळलं नसावं. त्या तसाच कढत चहा प्यायल्या आणि जीभ भाजली म्हणून हसल्या.

दुपारी त्या झोपल्यावर शिट्टी ऐकू आली नाही. सात दिवस ती नव्हतीच, आणि सात दिवस काका खूश होते. आता ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी काकूंच्या पाठीवर हात ठेवला. चाळीस वर्षांची सवय होती हाताला. पाठ ऊबदार होती. आत कुठेतरी काळीज टकटक चाललं होतं, शांत, एका लयीत. पण हात वर होत नव्हता की खाली. काकांनी एक मिनिट वाट बघितली. दोन. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा फिरत होता आणि हात जिथल्या तिथे होता.

ते उठले, अनवाणीच शेडमध्ये गेले. काटा उठत होता, उतरत होता. झोपलेल्या माणसाचा असतो तसा संथ. मिनिटात बारा.

त्यांनी मनाशी सगळं तपासून पाहिलं. आपलं वय झालं. हाताची संवेदना गेली असेल. माणूस हळू श्वास घेऊ शकतो. गेज स्वस्तातलं आहे. एकेक कारण बरोबर होतं. मग घरातून काकूंचा जागं झाल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, आणि समोरचा काटा बाराचा सोळा झाला.

५

डिझेलवाला मिस्त्री आला तो नेमका दुसऱ्या दिवशी दुपारी. ढब्बीचं इंजिन वीस वर्षं तोच बघत होता. माणूस लाखातला, पण हात चपळ आणि तोंड त्याहून चपळ. निघायच्या आधी गाडी एकदा बघून घे असं काकांनीच त्याला सांगितलेलं, आणि ते साफ विसरले होते.

काका शेडमध्ये पोचले तोवर तो डॅशबोर्डखाली मान घालून बसला होता. गेजची त्याने चेष्टा केली. काका, इंजिन बंद असताना बूस्ट दाखवणारी ही पहिलीच गाडी, म्हणाला. मग म्हणाला की तुम्ही नळी जोडलीच नाही, वर हा कॉक बंद ठेवलाय, दाब अडकून बसलाय आत, म्हणून काटा नाचतोय. सोडून देतो. आणि त्याने कॉकला हात घालून तो जरा हलवला.

काकांनी त्याचं मनगट धरलं. एवढ्या जोराने, की डिझेलवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"हात काढ," काका म्हणाले. "तो कॉक माझा आहे."

डिझेलवाला मनगट चोळत बाहेर आला. काकांनी त्याची माफी मागितली, पाठीवर हात फिरवला, चहा पाजला. तो म्हणाला की गेज राहू दे नाहीतर फेकून दे, टर्बो ठीक आहे, गाडी घाट चढेल. जाताना त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंना तब्येत विचारली. काकूंनी इतकं लांबलचक उत्तर दिलं की तो कौतुकाने हसत गेला.

त्या दिवशी काकांनी शेडला कुलूप लावलं. संध्याकाळी काकू म्हणाल्या, दुपारी एकदम गळा दाबल्यासारखं झालं होतं, कॉफी पिताना ठसका लागावा तसं. किती वाजता, ते काकांनी विचारलं नाही.

६

निघायला पाच दिवस उरले आणि काटा कमी उठायला लागला.

काकांच्याच आधी लक्षात आलं, कारण ते रोज तीनदा जाऊन बघत होते. आधी तबकडीवरची दोन घरं उठायचा, मग दीड, आता जेमतेम एक. आणि काकू जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबायला लागल्या. दम लागत नव्हता, नुसत्याच थांबायच्या, कठड्याला धरून, फिकट चेहऱ्याने, पुढे काय करायचं ते आठवत नसल्यासारख्या.

गळती. आयुष्यभर हेच तर केलं होतं. काकांनी वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशने एकेका सांध्यावर लावला. गेजच्या मागे काही नाही. नळीवर काही नाही. कॉकच्या मानेशी एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. तो फुगला आणि मग आत ओढला गेला, परत फुगला. दर वेळी आधीपेक्षा जरासा मोठा होत अखेर फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. काका गुडघ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. काय वाटत होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. रडू येत होतं हे खरं.

त्यांनी पान्याने कॉकची मान हळूच आवळली. बुडबुडा थांबला. पण गेलं ते गेलं होतं, काटा एक घरावरच राहिला.

"किती उरलंय?" मागून काकू म्हणाल्या.

काका वळले. काकू शेडच्या दारात उभ्या होत्या, हातात रुमालात बांधलेली बाळाची टोपडी.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही दुपारी पाठीवर हात ठेवलात ना. मी जागी होते." त्या आत आल्या, ढब्बीच्या पायरीवर बसल्या. "मला आधी भीती वाटली. मग म्हटलं, चार वर्षं जी धाप होती ती तरी गेली. अहो, मला वर पोचवा. बाळ एकदा मांडीवर घेऊ दे. मग तुमचा तो कॉक उघडायचा तर उघडा, मी काही म्हणणार नाही."

काका म्हणाले की असं अभद्र बोलू नकोस. काकूंनी त्यांच्या हातावरचा साबण पदराने पुसला आणि म्हणाल्या की तुम्ही माणूस चांगले, पण फार मोजता.

७

दुसऱ्या दिवशी काकू आंघोळीला गेल्या तेव्हा काका शेडमध्ये गेले. कामाची रीत त्यांना पक्की माहीत होती. बंद दाबाचा कॉक उघडायचा तर बाहेरचा दाब आतल्याहून जास्त हवा, म्हणजे आतलं बाहेर येत नाही. आता त्यांनी नळी लांब वळवून घेतली होती, तोंड पोचत होतं. त्यांनी टोक ओठांत धरलं, गाल फुगवले, छाती भरली, आणि जोर लावून धरला. मग कॉक उघडला.

फुंकर संपेपर्यंत फुंकली. छातीच्या तळातलं शेवटचं होतं तेही दिलं. कॉक बंद केला.

काटा चार घरं उठला. काकांनी टोक तोंडातून काढलं आणि सवयीने श्वास घ्यायला तोंड उघडलं. काही आत आलं नाही, आणि यावंसंही वाटलं नाही. डिझेलचा वास, शेडमधला जुन्या ग्रीसचा वास, सगळं गेलं होतं. काचेमागे काटा उठत होता, उतरता उतरता मध्येच पुन्हा थोडा उठत होता, मग पुरता उतरत होता. एकामागे एक, दोन श्वास.

काकू ओल्या केसांनी, भरभर पावलं टाकत आल्या. त्यांच्या गालांवर रंग होता. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि त्यांच्या छातीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"वेडे आहात तुम्ही," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. काकांनी त्यांना जवळ घेतलं.

८

ढब्बी घाट चढली. काकू वाटभर बोलत होत्या, काका वाटभर ऐकत होते. पोचल्यावर पाचव्या दिवशी लेकीला मुलगी झाली. काकूंनी तिला मांडीवर घेतलं ते खाली ठेवेनात. आणखी राहा, असं जावईबापू आपणहून म्हणाले, यात सगळं आलं.

बाळ बारा दिवसांचं झालं त्या सकाळी थंडी कडाक्याची होती. सगळे अंगणात कोवळ्या उन्हात बसले होते. जावईबापू लाकडं फोडत होते आणि त्यांच्या तोंडातून वाफेचे ढग निघत होते. लेकीच्या बोलण्याबरोबर वाफ निघत होती. दुपट्यातून बाळाच्या इवल्या नाकाचीसुद्धा पुसटशी वाफ दिसत होती. काकू कसला तरी किस्सा सांगत होत्या आणि काका खो खो हसत होते. लेक हसता हसता थांबली. तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. बापाच्या तोंडाकडे बघितलं. रोज पहाटे हवा मोजणारी मुलगी ती.

आईची पिशवी गाडीत राहिली आहे, आणते, म्हणून किल्ली घेऊन उठली. काका खुर्चीवरून बघत होते. तिने ढब्बीचं पुढचं दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली. मग वाकली. काचेवर नखाने टकटक केल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. नंतर तिचा हात डॅशबोर्डखाली गेला. बंद कॉक दिसला की तो का बंद आहे हे बघायला बोट आपोआप जातं, ते काकांनीच तिला शिकवलं होतं. काका उठले, पण ओरडावं तर मांडीवर बाळ घेतलेल्या काकू शेजारी.

लेकीचे ओठ हलत होते. ती मोजत होती. तिच्या तोंडातून वाफेचे लहान लहान ढग येत होते, आणि मग ते यायचे बंद झाले. तिने श्वास रोखून धरला होता. मान वळवून तिने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, खूप वेळ.

तिने बोट उचललं, जपून, गरम भांड्यावरून उचलावं तसं. दार आवाज न करता लावलं. कुलूप लावलं. किल्ली स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली आणि पिशवी न घेताच परत आली. जावईबापू म्हणाले की दुपारी ढब्बी घेऊन खाली जाऊन यायचा विचार आहे.

"नको," लेक म्हणाली. "बाबांची गाडी आता कुणी हलवायची नाही. ती इथेच राहील."

आणि ती आईबापाच्या मध्ये खुर्ची ओढून बसली, एक हात आईच्या पाठीवर आणि एक बापाच्या पाठीवर ठेवून. हात वर होत नव्हते की खाली, पण तिने ते काढले नाहीत.